आठ घरांचं पाणी आणि माझा पहिला सर्व्हर

इनास काका,

काल चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतर आठही घरं तुमच्या ओटीवर बसली होती. बावखलाच्या पाण्याची बारी, कुणाला पाणी कधी ते, यापुढे माझ्या प्रोग्रामवर चालवायची की परत तुमच्या पाटीवर न्यायची, हे ठरवायला. तुम्हाला जाऊन दहा दिवस झाले आणि एवढा एक निर्णय तुमच्याकडून यायचा राहिला होता. दिवाळीनंतर तुम्ही म्हणाला होतात, "पाऊस येईपर्यंत चालव. मग सांगतो, ठेवायचं की नाही." पाऊस अजून यायचा आहे. तुम्ही मात्र थांबला नाहीत.

बैठकीत काय झालं ते सांगतेच. पण कुठलीही गोष्ट शेवटापासून सांगितलेली तुम्हाला चालायची नाही. "मोटार जळली हे मला दिसतंय. जळायच्या आधी काय केलंस ते सांग," असं तुम्ही म्हणायचात. तेव्हा आधीपासून सांगते.

तुमच्याकडे राहायला यायच्या आधी मी चंदनसारला मामांच्या घरात होते. त्या घरात सहा माणसं होती आणि माझा जुना लॅपटॉप उघडायचा तर कुणाला तरी उठवावं लागे. दिवसा गोखिवऱ्याला पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या कारखान्यात बसायचे, कुठल्या गाडीतून किती खोके गेले ते टाइप करत. तिथल्या एका बाईंनी तुमच्या मागच्या खोलीचं सुचवलं. मी आले, ओटीच्या पायरीशीच उभी राहिले. तुम्ही केळीच्या खोडाच्या सोपाची दोरी वळत होतात.

"गाव कुठलं?"

"दहिवडी. सातारा जिल्हा."

"शिकलीस किती?"

"बीएस्सी."

"घरात कोण कोण शिकलंय?"

"मीच पहिली. वडील शाळेत शिपाई आहेत."

तुम्ही दोरी खाली ठेवलीत आणि आत हाक मारलीत, "सेलीन, हिला ती खिडकीची खोली दे." मावशी बाहेर आल्या आणि तुमच्या बोलीत काहीतरी भराभर बोलल्या. तेव्हा मला ती बोली अजिबात कळत नव्हती. नंतर कळलं की त्या म्हणाल्या होत्या, त्या खोलीत माझे नारळ आहेत ते काय तुझ्या डोक्यावर ठेवू. संध्याकाळपर्यंत नारळ हलले होते.

मी काय शिकते हे तुम्ही दुसऱ्याच दिवशी विचारलंत. बॅकएंड, म्हटलं. म्हणजे काय, विचारलंत. मी ज्या व्हिडिओंवरून शिकत होते त्या सगळ्यांत एकच उदाहरण असायचं. हॉटेलात गिऱ्हाईक बसलंय, वेटर ऑर्डर घेऊन आत जातो, आत स्वयंपाक होतो. गिऱ्हाईकाला दिसतं ते फ्रंटएंड आणि आतला भटारखाना म्हणजे बॅकएंड. मी तेच पाठ केलेलं म्हणून दाखवलं.

"म्हणजे तू भटारखान्यात," तुम्ही म्हणालात.

"हो."

"मग काय शिजवलंस?"

"अजून काही नाही काका. अजून चूलच पेटत नाही."

ते खरंच होतं. तीन आठवडे माझा सर्व्हर सुरूच होत नव्हता. मी काहीतरी टाइप करायचे, स्क्रीनवर लाल अक्षरांत इंग्रजीचा लोंढा यायचा आणि मी तो न वाचताच पुसून टाकायचे. तुम्ही माझ्या मागे उभे राहून हे बघत होतात, हे मला माहीत नव्हतं.

"ते काय म्हणत होतं?"

"एरर आहे काका."

"हो, पण म्हणत काय होतं? शिवी देत होतं की काही सांगत होतं?"

खरं सांगायचं तर ते वाचायची मला लाज वाटायची. आमच्या शाळेत इंग्रजीचा धडा सर मराठीतून सांगायचे आणि परीक्षेपुरता फळ्यावर लिहून द्यायचे. कॉलेजात शहरातल्या मुली तोंड उघडायच्या आधीच मला घाम यायचा. लाल अक्षरं दिसली की मला वाटायचं, तू कशाला आलीस इथं, असंच कुणीतरी विचारतंय.

"मोठ्यानं वाच," तुम्ही म्हणालात. "आणि मला मराठीत सांग. मी सातवी पास आहे, मला कळेल असं सांग."

मी एकेक शब्द लावत वाचलं. पत्ता आधीच वापरात आहे, असं काहीतरी होतं. तुम्ही विचारलंत, कुणाच्या वापरात? मी शोधलं. माझ्याच. रोज सकाळी सुरू केलेला सर्व्हर मी बंदच करत नव्हते. तो मागे मुकाट चालू होता आणि मी त्याच जागेवर दुसरा बसवायला बघत होते. तीन आठवडे चूल पेटलेलीच होती, काका. मीच तिच्यावर दुसरी चूल मांडत होते.

त्या संध्याकाळी पहिल्यांदा ब्राउझरमध्ये मी लिहिलेला "नमस्कार" उमटला. पांढऱ्या पानावर एवढा एकच शब्द. मी तुम्हाला आणि मावशींना बोलावून दाखवला. मावशींनी चष्मा लावला, बघितला, म्हणाल्या, "एवढंच?" तुम्ही मात्र पानाकडे बघितलंच नाहीत. ज्या काळ्या खिडकीत सर्व्हर चालू होता तिकडे बघत होतात.

"हे चालू आहे?"

"हो."

"मग आवाज कुठाय?"

"आवाज नसतो काका."

तुम्ही हात पुढे करून लॅपटॉपच्या पाठीवर ठेवलात, मोटारीवर ठेवता तसा. जरा वेळ तसेच उभे राहिलात. "गरम आहे," म्हणालात. "चालतंय." माझ्या पदवीच्या दिवशीसुद्धा मला तसं वाटलं नव्हतं, जसं त्या एका शब्दानं वाटलं.

तेव्हापासून रोज सहानंतर ओटीवर आपला वर्ग भरायला लागला. मी एरर मोठ्यानं वाचून मराठीत सांगायचे आणि सांगता सांगता निम्म्या वेळा मलाच उत्तर सापडायचं. तुम्ही म्हणायचात, मी काही केलं नाही. तुम्ही खरोखरच काही करत नव्हतात. "मग?" एवढंच विचारायचात.

चारशे चार आणि पाचशे या दोन आकड्यांचा तर तुम्ही घरात धुमाकूळ घातलात. मी सांगितलं होतं, चारशे चार म्हणजे तुम्ही मागताय ते घर इथं नाहीच. पाचशे म्हणजे घर बरोबर आहे, पण आत काहीतरी बिघडलंय, म्हणून दार उघडत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या पास्कोल काकांकडे फावडं मागायला गेलात आणि तसेच परत आलात.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"पास्कोलच्या घरी आज पाचशे आहे. दोघंही एकदम बोलतायत."

पुढच्या आठवड्यात तुम्ही बाजारातून मीठ आणायला विसरलात, तेव्हा मावशी मला म्हणाल्या, "शीतल, यांच्या डोक्याचा नंबर कुठला गं, चारशे चार ना?"

बारीचं काम कसं सुरू झालं, ते तुम्ही सगळ्यांना उलटं सांगायचात. शीतलनं मागितलं म्हणून दिलं, असं. मी मागितलं नव्हतं. मी सरावासाठी खोट्या याद्या बनवत होते. खोटं ग्रंथालय, खोटी पुस्तकं, खोटे वाचक. तुम्ही तीन दिवस बघितलंत आणि म्हणालात, "नसलेल्या माणसांना नसलेली पुस्तकं कशाला वाटतेस? आमची बारी घे."

बावखल आठ घरांचं. विहिरीपेक्षा मोठं आणि तळ्यापेक्षा लहान असं ते पाणी, त्याच्यावर एकच मोटार, आणि दिवाळी ते पाऊस त्याच पाण्यावर आठ वाड्या. दिवसाला चार बाऱ्या, दोन दिवसांत आठ घरं, आणि वेळा दर आठवड्याला सरकायच्या, म्हणजे सकाळ-दुपार सगळ्यांच्या वाट्याला. हे तुम्ही वर्षानुवर्षं ओटीवरच्या काळ्या पाटीवर खडूनं लिहीत होतात, आणि मोटारीच्या खोलीची किल्ली पाटीशेजारच्या खिळ्यावर असायची. ज्याची बारी त्यानं किल्ली न्यायची, पाणी झालं की परत आणून लावायची. पण गुडघ्यांमुळे तुम्हाला उठबस होईना, आणि कुणी कुणाला बारी सोडली, कुणाला बदलून दिली, हे पाटीवर नव्हतं. ते सगळं तुमच्या डोक्यात होतं.

मी दोन महिने खपले. आठ घरं, त्यांच्या बाऱ्या, सोडलेल्या बाऱ्या, बदललेल्या बाऱ्या, सगळ्यांचे तक्ते डेटाबेसमध्ये बसवले. फोनवर आपली बारी दिसायची, नको असेल तर सोडता यायची, कुणी सोडलेली घेता यायची. बारीच्या पाव तास आधी त्या घराला आठवणीचा निरोप जायचा आणि त्याच्या पुढच्या घरालाही, म्हणजे त्यांनी तयार राहावं. आणि एक शहाणपणा मी आपल्या मनानं केला. तुम्हाला सारखं उठावं लागू नये म्हणून किल्लीच्या आठ नकला करून घरोघरी दिल्या. तुम्ही त्या नकलांकडे जरा वेळ बघितलंत.

नाताळच्या आधीचा शनिवार. मी ओटीवर चहा पीत होते आणि बावखलाकडून आवाज आला.

"पास्कोल, स्टार्टरवरचा हात काढ. पानी माझं आहे."

"तुझं? हे बघ काय लिहिलंय. पास्कोल. वाचता येतं ना?"

"माझ्याही फोनवर लिहिलंय. रुजाय. तुला येतं ना वाचता?"

एक घर लग्नाला गेलं होतं, त्यांनी बारी सोडली होती. ती पास्कोल काकांना त्यांच्या सोनचाफ्यासाठी हवी होती आणि रुजाय मावशींना अळूसाठी. दोघांनी एकाच क्षणी मागितली आणि माझ्या प्रोग्रामनं दोघांनाही देऊन टाकली. दोघं फोन पुढे धरून ओटीवर आले, कोर्टात कागद आणावेत तसे. तुम्ही दोन्ही फोन बघितलेत आणि दोन्ही माझ्या हातात दिलेत.

"मॅडम, पाणी एकच आहे."

मला वाटलं, संपलं. तुम्ही आज संध्याकाळी पाटी पुसून नवी लिहिणार आणि मी नसलेल्या पुस्तकांकडे परत जाणार. तुम्ही रुजाय मावशींना आधीचा अर्धा वेळ दिलात, अळू मान टाकतंय म्हणून. पास्कोल काका जाता जाता म्हणाले, "माझा चाफा काय हवेवर फुलतो?" मग तुम्ही काठी घेतलीत आणि मला मोटारीच्या खोलीपाशी घेऊन गेलात.

"तू त्या डेटाबेसला काय विचारतेस?"

"ही बारी मोकळी आहे का, असं. तो हो म्हणाला की नाव लिहिते."

"आणि दोघांनी एकदम विचारलं तर?"

"दोघांनाही हो म्हणतो."

"म्हणणारच. त्याचं काय चुकलं? किल्ली एक होती तेव्हा मोकळी आहे का असं मला कुणी विचारायचं नाही. सरळ खिळ्यावर हात घालायचे. असली तर न्यायचे, नसली तर शिव्या घालत परत. विचारायचं कामच नव्हतं."

मी त्या रात्री नीट झोपले, काका, कारण उत्तर मिळालं होतं. आधी विचारून मग घ्यायचं नाही. आधी घ्यायला जायचं, आणि एका दिवसाची एक बारी दोनदा लिहूच द्यायची नाही असं खुद्द डेटाबेसला बजावून ठेवायचं. पहिला लिहिला गेला की दुसऱ्याला नकार. मग मी शोधलं तर ज्या व्हिडिओंवरून मी शिकत होते त्यात या गोष्टीवर एक अख्खा भाग होता. अवघड इंग्रजी म्हणून मी तो सोडून पुढे गेले होते. मी तो परत लावला आणि एकेक वाक्य मोठ्यानं मराठीत सांगितलं, ओटीवर, तुमच्यासमोर.

त्याची परीक्षा आपण तिघांनी घेतली. एका फोनवर मी, एका फोनवर सेलीन मावशी, आणि तुम्ही एक-दोन-तीन म्हणणार. तुम्ही दोन म्हणता म्हणता मावशींनी बटण दाबलं.

"सेलीन, तीन म्हटलं नाही अजून."

"पाणी काय तीन म्हणायची वाट बघतं?" मावशी म्हणाल्या. फोन आमच्याकडे वळवून दाखवला. त्यांना मिळाली होती, मला नाही. परत केलं. एकदा मला, त्यांना नाही. वीसेक वेळा केलं. एकदाही दोघींना मिळाली नाही. तुम्ही शेवटी इतके हसलात की खोकला आला.

आपलं खरं भांडण त्यानंतर झालं, आणि ते अर्धवट राहिलं.

रुजाय मावशींच्या सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांच्या मुलानं फोनवर बारी सोडली. प्रोग्रामनं ती रद्द केली आणि जो मागेल त्याच्यासाठी मोकळी केली. कुणीतरी घेतलीही. तुम्हाला हे दुसऱ्या दिवशी कळलं. तुम्ही आवाज चढवला नाहीत, त्यानंच मी जास्त घाबरले.

"रद्द कुणी केली?"

"त्यांनीच कळवलं काका, आज पाणी नको म्हणून."

"दुःखात माणूस नकोच म्हणतो. जेवायलाही नको म्हणतो. म्हणून काय त्याला उपाशी ठेवतात? माती झालेल्या घरची बारी रद्द होत नाही. दुसऱ्या घरानं जाऊन त्यांच्या वाडीला पाणी धरायचं असतं."

"पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. असे नियम किती आहेत? सगळे सांगा, मी लिहिते."

"सगळे सांगता येत नाहीत. वेळ आली की कळतात."

"कॉम्प्युटरला वेळ आली की कळत नाही काका. आधी सांगावं लागतं. सगळं तुमच्याच डोक्यात ठेवलं तर तुमच्यानंतर कोण सांगणार?"

ते वाक्य तोंडातून गेलं आणि मी ओशाळले. त्याच महिन्यात तुम्हाला डॉक्टरांनी जिना चढायला मना केलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. उठून आत गेलात, मी ओटीवर तशीच बसून राहिले. पुढच्या रविवारी तुम्ही स्वतःहून खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "लिही." त्या वाक्याची माफी मी कधी मागितली नाही. आज मागते. पण ते बोलले नसते तर ते रविवार मिळाले नसते, म्हणून पुरती माफीही मागवत नाही.

काय सुंदर रविवार होते ते. नव्या लावणीला पहिलं पाणी, मग ती कुणाच्याही वाडीत असो. गुड फ्रायडेला तीन वाजता मोटार बंद. लग्नघराला बारी बदलून मिळते, पण आमंत्रण आठही घरांना गेलं असेल तरच. आणि भांडणारी दोन घरं लागोपाठ ठेवायची.

"लागोपाठ? लांब नको का ठेवायला?"

"लांब ठेवलं तर बोलणार कधी? किल्ली एकानं दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हटली की निदान घे तरी म्हणावं लागतं."

"म्हणून तुमच्यानंतर पास्कोल काका आणि त्यांच्यानंतर रुजाय मावशी?"

"मी आणि पास्कोल भांडत नाही," तुम्ही म्हणालात. आतून मावशींचं हसणं ऐकू आलं.

लग्नघराचं आणि गुड फ्रायडेचं मी बसवलं. दुःखाच्या घराचं काम शेवटी करू म्हटलं, कारण ते अवघड होतं. घर बारी घेणार नाही, तरी बारी त्याचीच राहणार, आणि मोटार दुसराच चालवणार. याला तक्त्यात जागा कशी करायची ते मला सुचत नव्हतं. ते तसंच राहिलं, आणि तुम्ही गेलात.

तुमची माती दुपारी साडेतीनला होती. चर्चमध्ये मी मावशींच्या शेजारी बसले होते, त्यांची पर्स माझ्या मांडीवर. फादर बोलत होते आणि पर्समधला फोन वाजला. मी घाईनं बंद करायला काढला तर त्यावर माझाच निरोप होता. "इनास काका, तुमची बारी चार वाजता. आठवण." मीच नावापुढे काका लिहिलं होतं, लोक म्हणतात तसं यावं म्हणून. मावशींनी वाचलं. फोन माझ्याकडे परत दिला आणि समोर बघत राहिल्या. अख्ख्या गावात त्या क्षणी एकच गोष्ट बिनचूक चालू होती, ती माझा सर्व्हर. मला वाटलं, बाहेर जाऊन तो मुळापासून काढून टाकावा.

दफनभूमीत पास्कोल काका उशिरा आले. पायाला चिखल, पँट पोटऱ्यांपर्यंत भिजलेली. मला राग आला. आजच्या दिवशीही माणसाला कपडे बदलून येता येऊ नयेत?

तर कालची बैठक. मावशींनी चहा केला, तुमची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, तिच्यावर कुणी बसलं नाही. मी सगळ्यांसमोर बसले, लॅपटॉप मांडीवर. पास्कोल काकांनी सुरुवात केली.

"दुःखाच्या घरी त्या दिवशी निरोप गेला. ते काही बरं झालं नाही."

मी तयारच होते. "माझं चुकलं," म्हटलं. "मी प्रोग्राम बंद करते. पाटी आतच आहे, उद्यापासून लावू."

"बंद करायचं कोण बोललं?"

"तुम्हीच म्हणालात, बरं झालं नाही."

"नाहीच झालं. सेलीनला जायला नको होता. मला यायलाच पाहिजे होता. मला आला म्हणून तर गेलो ना." त्यांनी मान खाली घातली. "चर्चच्या मागल्या बाकावर होतो. खिशात फोन वाजला. बघितलं तर इनासची बारी. म्हटलं, याची माती होतेय आणि याची केळी तहानलेली, हे याला आवडलं नसतं. जाऊन मोटार चालू केली, पाट फोडून दिला आणि आलो."

मी त्या संध्याकाळी वाडीत गेले होते, काका. जमीन ओली होती. प्रोग्राममध्ये कुणाचीच नोंद नव्हती, म्हणून मी मोटार आपोआप चालू झाली की काय ते तपासत बसले होते. त्या पँटच्या रागाबद्दल मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते.

मग रुजाय मावशी म्हणाल्या, "अक्षर मोठं कर गं. मला माझंच नाव दिसत नाही." कुणी म्हणालं, आमचं घर यादीत नेहमी शेवटी का. कुणी म्हणालं, उन्हाळ्यात बारी अर्ध्या तासानं वाढव. आणि एकदम रुजाय मावशींनी विचारलं, "आजारी मानसाच्या घरची बारी भर दुपारी ठेवायची नाही, हे इनासनं सांगितलं होतं ना तुला?"

"नाही."

"मग लिही."

"आणि ते, नवीन सून आली की पहिली बारी तिच्या हातून," दुसऱ्या एका घरचे म्हणाले.

"ते कधी होतं? तसं काही नव्हतं."

"होतं. तुझ्याच घरी केलं होतं."

"माझ्या घरी सून हौसेनं गेली. तो काय नियम झाला?"

तुमच्यानंतर कोण सांगणार, असं मी विचारलं होतं. हे सांगणार, काका. प्रत्येकाकडे एक तरी नियम होता आणि तो दुसऱ्याला मान्य नव्हता. मी टाइप करत राहिले. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं की ठेवायचं की नाही हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. मी वाट बघत होते. चहा दुसऱ्यांदा झाला, लोक उठायला लागले, तरी नाही. ज्याला काढून टाकायचं त्याच्याकडून कुणी एवढ्या मागण्या करत नाही, हे मला शेवटचा माणूस पायऱ्या उतरल्यावर कळलं.

दुःखाच्या घराचं काम मी त्याच संध्याकाळी केलं. सोपं निघालं. बारी कुणाची आणि पाणी कोण धरणार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना दोन वेगळे रकाने हवेत. मी उगाच एकातच दोन्ही कोंबत होते. तुमच्या त्या चार वाजताच्या बारीपुढे पाणी धरणाऱ्याच्या रकान्यात मी पास्कोल काकांचं नाव घातलं. मागची तारीख घालून नोंद करू नये असं शिकवतात. मी केली.

मग तुमच्या घराच्या नावाशी आले आणि थांबले. ते बदलायचं की ठेवायचं, मावशींना कसं विचारायचं, हे मला कळेना. मावशी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघितलं.

"तिथं माझं नाव घाल."

"मावशी, घाई नाही. राहू दे थोडे दिवस."

"उद्या सकाळी सहाला आमची बारी आहे ना? मग त्या नावानं पाणी कोण धरणार, तू? तुला पाट फोडता येतो?"

मी बदललं. सेलीन, एवढंच. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "पुढे मावशी नको लावूस. पास्कोलला निरोप जातो ना, तो काय मला मावशी म्हणणार?"

आज कारखान्याला सुट्टी आहे. मी बावखलाच्या काठावर बसून हे लिहिते आहे. मावशींनी साडी वर खोचली आहे, फावडं त्यांच्या हातात आहे, आणि मी एकदा मदतीला गेले तर चुकीचा वाफा फोडला म्हणून मला परत काठावर पाठवलंय. पाणी केळीच्या तिसऱ्या ओळीपर्यंत आलंय. त्या बोलतायत काहीतरी तुमच्या बोलीत, केळीशी की तुमच्याशी, तेवढं मला अजून समजत नाही. पण रागात नाहीत.

आणखी बरंच सांगायचं होतं. पण पुढची बारी पास्कोल काकांची, ते येऊन उभे आहेत, आणि सेलीन मावशी मला ओरडून सांगतायत, लिहीत काय बसलीस, माझं पाणी झालं म्हणून टाक त्याच्यात, तो खोळंबलाय.

उठते, काका.